पाटीवरची खरवड

दादा, काल पुण्याहून नातीनं फोनवर विचारलं, "आजी, खरवडणं म्हणजे नुसतं घासणंच ना?" मी नाही म्हटलं, आणि पुढं माझ्या तोंडून तुमचंच बोलणं निघालं. पातेल्याच्या बुडाला दूध धरतं ती खरवड, आणि ती सोडवून काढणं म्हणजे खरवडणं. खरडणं वेगळं. ते वरवर, हात लावल्यासारखं करून मोकळं होणं. फोन ठेवल्यावर मी कोशही उघडला. या शब्दांचं मूळ खरखर या आवाजातच असावं, असं जाणकारांना वाटतं म्हणे. मला हसूच आलं. चौथी शिकलेला माझा बाप, म्हणजे तुम्हीच दादा, इंदूरभर पाट्या रंगवणारा, पाटीवर पोलादी पट्टी नीट चालली आहे की नाही ते पाठमोरा उभा राहून नुसतं ऐकून सांगायचा.

छप्पन साली मध्यभारत जाऊन नवं राज्य झालं तेव्हा मी मॅट्रिक होऊन सरकारी ऑफिसात नुकतीच चिकटले होते. दारावरच्या सागवानी पाटीवर 'मध्यभारत शासन' होतं, तिथं 'मध्यप्रदेश शासन' हवं होतं. आमच्या हेडक्लार्कचा, बडे बाबूंचा, हिशोब सरळ होता: 'मध्य' तसंच, 'शासन' तसंच, मधलं 'भारत' तेवढं काढायचं. गावातले बाकीचे पेंटर तेच करत होते. सोमवारी भोपाळहून साहेब यायचे होते. आणि तुम्ही व्हरांड्यात दोन स्टुलांवर पाटी आडवी ठेवून पहिल्या 'म'पासून सुरुवात करता. खर्र, खर्र.

"अरे पेंटर साब, ये क्या कर रहे हो? मध्य तो मध्य ही रहेगा ना भिया!"

"नहीं टिकेगा बाबूजी. पूरा निकालना पड़ेगा."

आतले सगळे खिडकीशी जमले. माझे कान तापले. नवी नोकरी, त्यात ऑफिसात बाई म्हणून मी एकटी, आणि बाप दारात हुज्जत घालतोय. मी बाहेर येऊन हळूच म्हटलं, "दादा, ते म्हणतात तेवढंच करा ना. सगळे बघताहेत." तुम्ही रागावला नाहीत. पट्टी माझ्या हातात दिलीत. "धर बेटा. तूच खरवड थोडं, मग सांग."

मी जोर लावला. रंगाचा पापुद्रा उचलला गेला आणि खालून जुना लाल रंग, त्यावर पिवळं वळणदार 'होळ' दिसायला लागलं. होळकरांच्या वेळची अक्षरं तशीच खाली दडलेली. म्हाताऱ्या चपराशानं तर हातच जोडले. बडे बाबू वाकून बघत म्हणाले, "इसी के ऊपर पोत दिया था? किस गधे का काम है?"

पाटीवर रंगवणाऱ्याची सही नव्हती. तुम्ही गप्प बसला असता तर कुणाच्या बापाला कळणार नव्हतं. तुम्ही चिंधीला हात पुसत म्हणालात, "मेरा ही है बाबूजी. आठ साल पहले जल्दी थी, ऊपर-ऊपर से खुरच के लिख दिया था. गलती मेरी है." इतकं साधं, जसं कुणी वेळ विचारली आणि तुम्ही सांगितलीत. मी आयुष्यात पुष्कळ मोठी माणसं पाहिली, भाषणं ऐकली. भरल्या ऑफिसासमोर असं बोलताना मी दुसऱ्या कुणालाही पाहिलेलं नाही.

मग तुम्ही होळकरही खरवडलंत, थेट लाकडापर्यंत. सोमवारी साहेब आले तेव्हा दारावर पाटी नव्हती आणि बडे बाबूंचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. बुधवारी पाटी चढली. मी त्या ऑफिसातून निवृत्त झाले तोवर तिचा एक टवका उडाला नाही.

देपालपूर आणि बाकी तहसिलींच्या कचेऱ्यांच्या पाट्याही तुमच्याकडेच यायच्या होत्या, त्या मात्र दुसऱ्याकडे गेल्या. तुम्ही कितीतरी दिवस ब्रश धुऊन, पुसून तयार ठेवत होतात. जेवताना विचारायचात, "ऑफिसातून काही निरोप?" मी ताटात बघत "नाही अजून" म्हणायची. शेवटी तुम्हीच आईला म्हणालात, "खरं बोललो त्याचं लागलं असेल. लागू दे."

हे पत्र मी कुठंच धाडणार नाही, आणि तुम्ही असतात तरी हातात दिलं असतं की नाही, सांगता येत नाही. ते काम तुम्हाला देऊ नये हे टिपण माझ्या हातचं होतं, दादा. बडे बाबू म्हणाले होते, "घर का आदमी है, तुम ही लिख दो तो कोई कुछ नहीं कहेगा." त्यांनी सांगितलं एवढंच, की काम धीमा है. ते मी लिहिलं. मग टिपण पक्कं दिसावं म्हणून खाली आणखी एक ओळ लिहिली, पिछला काम भी खराब था, पेंटर ने स्वयं माना है. ती ओळ मला कुणी सांगितली नव्हती.