पुढच्या खोलीचं दार उघडं राहावं म्हणून

मी, खाली सही करणारी शिंपीण, वय सत्तरीपार, डोकं ठिकाणावर असताना आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता हे लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. पुतण्याला तो मान्य नाही.

कलम एक. पुढच्या खोलीत मी जन्मभर कपडे शिवले. महागाई वाढली तसं लोक नवं शिवायचं सोडून जुनंच उसवून-शिवून न्यायला लागले. मग तेही थांबलं. तेव्हा मशीन भिंतीला लावलं आणि धान्याची पोती मांडली. लागेल त्याने न्यावं. आधी हमाल आले, मग कामवाल्या, आता मास्तर येतात. गेल्या वर्षी पोतं देऊन गेलेले यंदा पिशवी घेऊन उभे असतात. महागाई आटोक्यात आहे, असं बातम्यांत सांगतात. असेल बाई. ही खोली माझ्यामागेही धान्यासाठीच राहील. विकू नये, भाड्याने देऊ नये.

कलम दोन. वरच्या दोन खोल्या पुतण्याला. तो म्हणतो, "काकू, फुकट मिळालं की माणूस आळशी होतो." अनुभवाचे बोल आहेत, त्याला मीच फुकट वाढवला. पुढच्या खोलीला हात लावला तर वरच्याही गेल्या.

कलम तीन. मंडळाच्या अध्यक्षांनी मुदत संपलेली बिस्किटं दिली, फोटोचा फ्लेक्स मात्र ताजा होता. त्याच्या मी पिशव्या शिवल्या. त्यांचं हसू नेमकं तळाशी आलं, त्यावर बटाटे छान बसतात. एक पिशवी त्यांना द्यावी.

मशीन नणंदेला. जन्मभर माझ्या शिलाईत खोट काढली, आता स्वतः शिवून बघावं.

मरणाची भीती नाही. दार बंद दिसलं तर लोक न भांडता मुकाट परत जातील, याची फार भीती वाटते.

साक्षीदारांबाबत: वकीलबाईंनी बजावलं, "लाभार्थी नको हं, उद्या कोर्टात कोणी फाटे फोडेल." मास्तरांना विचारलं, रिक्षावाल्याला, समोरच्या वाण्यालाही. एकेकाने मान खाली घातली. शेवटी म्हटलं, "बाई, मग तुम्हीच करा की सही." त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं.

स्थळ: पुढची खोली
दिनांक: महिनाअखेर, रांग रस्त्यापर्यंत
सही: शिंपीण
साक्षीदार पहिला: डॉक्टर
साक्षीदार दुसरा: परगावाहून आणावा लागेल