तांबड्या मोटारीची सोयरीक

श्री

नांदगाव खंडेश्वर
ता. २१ नोव्हेंबर १९४२

ती. सौ. बेबीताईस देवीदासचा सा. न. वि. वि.

भाऊबीजेहून सुखरूप पोचलो. सुखरूप म्हणजे मी. मोटारीचं पेट्रोल गावाच्या अलीकडे दीड मैलावर संपलं आणि तिथून मी तिला ढकलत आणली. वाटेत भेटलेल्या प्रत्येकानं विचारलं की आज मोटार बसली काहून, आणि प्रत्येकाला मी सांगितलं की तिला फिरवायला काढली आहे.

कॉलेज का सोडलं, असं तू विचारत होतीस. खरं लिहितो, भाऊजींना दाखवू नको. इंटरच्या वर्गात उभा राहून मी आपल्या वऱ्हाडीत मले वाटते असं म्हणालो. प्रोफेसर पुण्याकडचे, ते हसले. मग अख्खा वर्ग हसला, त्यात अर्धे घरी मले-तुले करणारेच! माझं डोकं फिरलं. पुस्तक मिटून निघालो तो पुन्हा गेलो नाही. बदलून जाणाऱ्या एका साहेबानं आपली तांबडी मोटार विकायला काढली होती, ती आईच्या मागं लागून घेतली. सकाळी इथून चार सवाऱ्या अमरावतीच्या कचेरीत पोचवायच्या, संध्याकाळी परत आणायच्या. मोठ्या ऐटीचा धंदा होता. आता लढाईपायी कुपनाशिवाय पेट्रोल नाही, कुपनावर मिळतं ते आठ दिवसही पुरत नाही, आणि वरून भाव चढतोच आहे.

पण पत्र लिहिण्याचं कारण वेगळं आहे. तुझ्या शेजारच्या खुशालरावांची शकुन. पाडव्याला तुम्हा सगळ्या बायांना मी देवळापर्यंत मोटारीतून नेलं, आठवतं? बाकीच्या ओरडत होत्या, हसत होत्या. ती मात्र मांडीवर झेंडूची टोपली घेऊन गप्प बसली होती. उतरताना एवढंच म्हणाली की इतक्या खड्ड्यांतून आलो, पण एक पाकळी सांडली नाही. ताई, माझ्या हाकण्याची अशी तारीफ आजवर कोणी केली नाही. तेव्हापासून मला जेवण जात नाही. आई म्हणते पोट बिघडलं, ओवा खा.

तू खुशालरावांकडे गोष्ट काढ. तुझ्याशिवाय मला कोणी नाही. लोभ आहेच, त्याला तरी रेशन लावू नको.

तुझा भाऊ
देवीदास

---

श्री

बार्शीटाकळी
ता. ९ डिसेंबर १९४२

चि. देवीदास यास बेबीताईचे अ. आ. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी इतकी हासली की ह्यांनी विचारलं काय झालं. मी सांगितलं देवीदासचं पोट बिघडलं.

गोष्ट काढली. खुशालराव गवार तोडून राहिले होते. तुझं नाव घेतलं तवर बरं ऐकत होते. आपल्यासारखेच बागवाले, तुमच्या बाबाचं, पंजाबरावांचं घर माहीतच आहे म्हणाले. मोटारीचं नाव निघालं आणि हातातली गवार खाली ठेवली. त्यांचं बी खरं आहे बाबा. चार वर्षांमागं त्यांनी भाजी न्यायले एक जुनी लॉरी घेतली होती. पेट्रोल कडाडलं तशी ती परसात उभी राहिली, आणि आता तिच्यात कोंबड्या अंडे देतात. ते म्हणे की पोराले मोटार पोसायची का बायको, ते पयले ठरवून घ्या म्हना.

आता त्यांची भाजी बैलबंडीनंच अकोल्याले जाते. पहाटे निघते. अकरा मैलाचा रस्ता, लोखंडी धावेचे चाकं, लाल भेदरं, तुमच्या कॉलेजातले टमाटे, बाजारात पोचेपर्यंत अर्धी चटणी होते. शकुन रोज टोपल्याखाली गवत बदलून पाहाते, कधी पळसाचे पानं घालते, कधी केळीचे. पोरगी हुशार आहे. बापाशी भांडते बी.

दुसरी गोष्ट ऐक, पण मोटारीले लाथ मारू नको. अकोल्याच्या शाळेतला एक मास्तर तिच्यासाठी सांगून आला आहे. तो सायकलवर येते. खुशालराव त्याच्यावर लई खूश. त्याले पेट्रोल नाई लागत, कूपन नाई लागत, दोन भाकरीवर बावीस मैल जाते-येते, असं साऱ्या आळीले सांगून राहिले. अखजीच्या, अक्षय तृतीयेच्या आत पोरीचं पक्कं करीन म्हणतात.

तू मोटार सोड आणि सायकल शिक. आईले नमस्कार सांग. ओवा खात जा.

तुझी
बेबीताई

---

श्री

नांदगाव खंडेश्वर
ता. १७ जानेवारी १९४३

ती. सौ. बेबीताईस सा. न. वि. वि.

सायकल मी सातव्या वर्षी शिकलो. त्या मास्तराला सांग की पायडल मारणं ही काही पदवी नव्हे. माझ्या पायातही जोर आहे, पण मी ज्या मोटारीत शकुनला बसवलं तीच मोटार तिच्या दारात नेऊन उभी करणार. इथं मी मागे हटलो तर जन्मभर हटत राहीन.

सवाऱ्या तर एकेक करून गेल्या. वकीलसाहेबांनी घरची बैलांची दमणी काढली. तिच्यात मागं तक्क्याला टेकून ते खटल्याचे कागद वाचत जातात, आणि मला म्हणतात की देवीदास, तुझ्या मोटारीत मला एक ओळ वाचता येत नव्हती. तहसिलीतल्या कारकुनानं अमरावतीत खोली घेतली, शनिवारी सायकलनं घरी येतो, बायको म्हणे त्यानं खूश आहे. डॉक्टर घोड्यावर बसले आणि पहिल्याच दिवशी घोड्यानं त्यांना माझ्या दारात आणून टाकलं. मलमपट्टी मी केली.

पण मी हार खाल्लेली नाही. अमरावतीच्या सूर्यभान मिस्त्रीनं मोटारीच्या पाठीला एक उंच टाकी बसवून दिली आहे. तिच्यात कोळसा पेटवायचा, अर्धा तास पंखा फिरवायचा, की धुरातून गॅस तयार होतो आणि त्यावर इंजिन चालतं. चढावर जरा खोकतं, पण चालतं! मिस्त्रीनं बजावलं आहे की वाळलेल्या बाभळीचा कोळसाच घालायचा, दुसरं काही टाकीत गेलं तर आपलं तोंड पाहायला येऊ नको.

बाबांना आईनं राजी केलं. तू फक्त दिवस ठरव.

प्रेमात काटकसर न करणारा
देवीदास

---

श्री

बार्शीटाकळी
ता. १९ फेब्रुवारी १९४३

चि. देवीदास यास अ. आ. वि. वि.

येत्या चार तारखेले, गुरुवारी, बाबाले घेऊन ये. खुशालरावाले मी कशीबशी हो म्हणवलं आहे. हात जोडून सांगते, रेल्वेनं या. मोटार आणू नको. टाकी पाठीवर घेऊन येशील तर ते तुले पाहुणा नाई, भुट्टेवाला समजतील.

शकुनले मी तुझं सारं सांगितलं. ती एवढंच म्हणाली की ते रागीट आहेत का. मी सांगितलं की हो, आहे. मंग म्हणाली की टोपली मांडीवर होती तवा खड्डा आला का ते हळू करत होते, म्हणजे रागीट माणूस बी बरा असू शकते. घे, झालं तुझं पोट बरं.

तुझी
बेबीताई

---

श्री

नांदगाव खंडेश्वर
ता. ८ मार्च १९४३

ती. सौ. बेबीताईस सा. न. वि. वि.

पुढचं तू डोळ्यांनी पाहिलंस. मागचं लिहितो, म्हणजे तुझ्या भावाची पूर्ण ओळख होईल.

अकोल्यापर्यंत आम्ही राजासारखे आलो. बाबा नवा फेटा बांधून मागच्या गादीवर, शेजारी संत्र्यांच्या दोन टोपल्या. अकोल्यात पाहिलं तर कोळसा संपत आलेला. बाजारात बाभळीचा कोळसा नाही, सगळ्यांनीच गॅसच्या टाक्या बसवल्या आहेत. तिथंच थांबलो असतो, बंडी केली असती. पण समोरून एक माणूस सायकलवर टोपी सांभाळत गेला. तो मास्तर होता की नाही, देव जाणे. मला तो मास्तरच दिसला.

पुढं एका शेतात कापसाच्या पऱ्हाट्या उपटून ढीग घातलेला होता. आपण वऱ्हाडातले, जन्मभर चुलीत पऱ्हाट्याच घातल्या, त्यांच्यासारखा जाळ कशाचा नाही, असं मला वाटलं. शेतवाल्याला विचारून दोन भारे घेतले आणि मोडून टाकीत कोंबले. मैलभर मोटार अशी पळाली की बाबांनी फेटा धरला. मग पांढरा धूर, मग पिवळा, मग इंजिनात डांबरासारखा चिकटा झाला आणि ती कण्हून उभी राहिली.

आणि मागून बाजार करून रिकामी बंडी आली ती कोणाची? खुद्द खुशालरावांची! हाकायला त्यांचा गडी नत्थुजी, मागं ते स्वतः. खुशालराव आमच्या काळ्या तोंडांकडे पाहत राहिले, मग म्हणाले की पाहुणे दिसता. बैल सोडून मोटारीला जुंपले. मी चालत होतो. बाबांनी मात्र उतरायला साफ नकार दिला, सोयरिकीला पायी जाणार नाही म्हणाले. अशी आमची वरात तुमच्या आळीत आली. शकुन दारात उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला. हसू होतं की धूर, ते मला कळलं नाही.

संपलं सगळं. मास्तराला मुलगी द्या म्हणावं. अमरावतीचा एक लष्कराचा ठेकेदार मोटारीच्या टायरांसाठी मागं लागला आहे. रबर आता सोन्यासारखं झालं आहे. रामनवमीनंतर ती त्याला देतो आणि फौजेत ड्रायव्हर म्हणून नाव घालतो. तिथं पेट्रोल फुकट असतं.

माझी आठवण कमी झाली तर चालेल.

देवीदास

---

श्री

बार्शीटाकळी
ता. १३ मार्च १९४३

चि. देवीदास यास अ. आ. वि. वि.

मुकाट्यानं बस आणि हे पत्र दोन वेळा वाच. फौजेचं नाव काढशील तर मी तिथं येऊन कान धरीन.

तुमी रेल्वेनं परत गेले, मोटार दुरुस्त होईस्तोवर खुशालरावाच्या दारात राहिली, ते तुले माहीत. त्याच्यानंतर काय झालं ते मी सांगते. त्या दिवशीच नत्थुजी बैलांच्या पाठीवरून हात फिरवून म्हणाला की मालक, घाम नाई आला. एवढं लोखंड, वर पंजाबराव, त्याचा फेटा, आणि बैल कोरडे! खुशालराव म्हणाले की असं कसं.

तवर शकुन मोटारीभोवती फिरून राहिली होती. टायर अंगठ्यानं दाबून पाहिला. मंग तुमच्या संत्र्यांच्या टोपल्या बाहेर काढून एकेक फळ हातात फिरवलं. एकाले डाग नाई. बापाले म्हणाली की आबा, हे गादीनं नाई, इंजिनानं बी नाई, हे चाकानं होते. दिवाळीलेच माझ्या ध्यानात आलं होतं, पाकळी सांडली नाई तवा. हे चाकं आपल्या बंडीले लावले तर भेदरं अकोल्याले तोंडात घालण्यासारखे पोचतील.

खुशालराव दोन दिवस आपल्या बंडीचे चाकं पाहात फिरले. तिसऱ्या दिवशी कोंबड्या हाकलून आपली लॉरी पाहून आले. तिचे टायर उंदरानं खाल्ले. मंग आमच्या ओट्यावर येऊन बसले. म्हणाले की पोरगं मोटार सोडाले तयार असन तर मी बोलाले तयार आहो. मास्तर चांगला आहे, पण सायकलवर किती भाजी बसते.

आता तू ठरव. ती मोटार नाई पाहात होती रे, चाकं पाहात होती. तुले वाईट वाटन. पण एक सांगते, टायर दाबताना तिनं मले हळूच विचारलं, की मोटार मोडली तर ते रडतील का.

लवकर उत्तर दे. अखजी जवळ आली.

तुझी
बेबीताई

---

श्री

बार्शीटाकळी
ता. १९ मार्च १९४३

ती. सौ. बेबीताईस सा. न. वि. वि.

हे पत्र मी तुझ्या घरापासून दहा पावलांवर, खुशालरावांच्या ओट्यावर बसून लिहितो आहे. तुझ्यासमोर आलो तर माझा आवाज फुटेल, म्हणून नत्थुजीच्या हाती देतो.

तुझं पत्र वाचून प्रथम मला इतका राग आला की मी ते फाडलं. मग चिकटवलं. चार महिने मी जिला माझी तारीफ समजलो ती चाकांची होती! रात्र कशीतरी काढली आणि सूर्यभान मिस्त्रीला घेऊन रेल्वेनं आलो. आज सकाळी मोटारीचं इंजिन उतरवलं. मिस्त्री म्हणतो की मागचा आस आणि पुढचा आस वेगळे काढले तर एका मोटारीत दोन बंड्या निघतात. खुशालरावांनी विचारलं की दोन कशाला. मी म्हणालो की एक तुमच्या दारात आणि एक माझ्या. त्यांनी बैलांपुढं कडब्याची पेंडी टाकली. मग आत पाहून म्हणाले की पोरी, पाहुण्यासाठी चहा टाक.

ताई, मी रडलो नाही. तिला सांग. थोडंसं डोळ्यात पाणी आलं, ते काजळीनं.

आता पत्र ठेव आणि चहाला ये. मला एकट्याला बसवत नाही.

देवीदास

---

श्री

नांदगाव खंडेश्वर
ता. २ जुलै १९४३

ती. सौ. बेबीताईंस शकुनचा सा. न. वि. वि.

लग्नापर्यंत तुम्हाला शेजारची वहिनी म्हणत होते, आता नणंद म्हणून ताई म्हणायचं. जीभ वळत नाही, हात तर मुळीच वळत नाही. दोन वेळा खोडलं.

आम्ही खुशाल आहोत. हे बंडी घेऊन आठवड्यातले दोन बाजार अमरावतीला करतात. परवा वकीलसाहेबांनी दमणी थांबवून बंडी खालून-वरून पाहिली आणि विचारलं की बसायला जागा आहे का. हे म्हणाले की कोथिंबिरीशेजारी आहे. ते खरंच बसले. यांचा राग गेला नाही, पण आता बैलांवर निघत नाही, फक्त खड्ड्यांवर निघतो. आबांचा निरोप आहे की भेदरं सगळी शाबूत पोचतात.

मोटारीचा भोंपू यांनी बंडीला लावला आहे. बडनेऱ्याच्या नाक्यावर पेट्रोलचा पंप लागतो, तिथं हे मुद्दाम तो वाजवतात. पंपवाल्याजवळ विकायला काही नसतं. तो बिचारा हसतो आणि बादली आणून आमच्या बैलांना पाणी पाजतो. बैलांना आता सवय झाली, भोंपू वाजला की तिथं आपणच थांबतात.

यांनी मला विचारलं की दिवाळीला तू फक्त चाकांकडेच पाहत होतीस का. मी अजून उत्तर दिलेलं नाही. तुम्हाला सांगते, तुम्ही सांगू नका. चाकं मी उतरल्यावर पाहिली.

भाऊजींना नमस्कार. या भाजीवालीवर मायेची सावली अशीच राहू द्या.

तुमची
शकुन