शेजारणीची मुरड

आई,

तुला जाऊन एकोणतीस वर्षं झाली, आणि इतक्या वर्षांनी तुझ्याशी बोलायला बसलो तर विषय निघाला तो बिस्किटांचा. हसशील. हल्ली कुकीज म्हणतात त्यांना. तुझी सून गेली आठ-नऊ वर्षं घरच्या घरी केक आणि कुकीज करून देते. बालीगंजच्या ह्याच फ्लॅटमध्ये, तुझ्या त्याच अरुंद स्वयंपाकघरात. तुझं पाण्याचं पिंप असायचं तिथे आता ओव्हन आहे. पोरगी नोकरीला बंगळूरला गेली, घर एकदम ओकंबोकं झालं, आणि हिने हे काढलं. फेब्रुवारीत तिचा हंगाम असतो. व्हॅलेंटाइन डे नावाचा एक प्रेमाचा दिवस येतो, तुझ्या वेळी तो आपल्या गल्लीत कुणाच्या गावीही नव्हता. इथल्या बंगाली पोरापोरींचा खरा प्रेमाचा दिवस म्हणजे सरस्वती पूजा. पिवळ्या साड्या नेसून मुली बाहेर पडायच्या, मुलगे कोपऱ्याकोपऱ्यावर उभे, आणि तू खिडकीतून बघत म्हणायचीस, "विद्येच्या देवीला आज काय काय बघावं लागतंय बाई." यंदा हे दोन्ही दिवस एकाच तारखेला आले. त्यामुळे हिच्याकडे नेहमीच्या दुप्पट मागणी होती.

तिच्या कुकीज साध्या नसतात. बदामाच्या आकाराच्या, पत्त्यांतल्या बदामाच्या, आणि आत सारण. ओलं खोबरं, खवा आणि हिवाळ्यातला खजुराचा गूळ, इथला तो नोलेन गूळ. लोण्याच्या पिठाचे दोन बदाम कापायचे, मध्ये सारण ठेवायचं, कड दाबायची, आणि मग त्या कडेला करंजीसारखी मुरड घालायची. ही मुरड हिची स्वतःची युक्ती. बाकीच्या बायका काट्याने दाबून मोकळ्या होतात. हिच्या मुरडीमुळे ती कुकी एखाद्या दागिन्यासारखी दिसते, वर गुलाबी साखरेची एक बारीक रेघ ओढली की झालं. पण लोण्याचं पीठ करंजीच्या पिठासारखं सोशिक नसतं. हाताच्या उबेने ढिलं पडतं, त्यामुळे मुरड भराभर घालावी लागते आणि लगेच ट्रे फ्रीजमध्ये सरकवावा लागतो. बदामाच्या खाचेत तर मुरड वळतच नाही, तिथे फार जीव जातो. हे सगळं मला माहीत होतं, कारण मी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत रोज ऐकत होतो. "कंबर गेली हो माझी." "बोटं आखडली." "मुरड घालायला एक माणूस मिळालं असतं तर." मी पान उलटायचो.

आता तू म्हणशील, मग उठायला काय झालं होतं तुला. तेच सांगायला बसलोय.

मला कावीळ झाली होती ती दिवाळी तुला आठवते का? सोळा वर्षांचा होतो. महिनाभर घरात पडून, खेळायला बंदी, वाचून वाचून डोळे शिणलेले, आणि मी दिवसभर तुझ्यामागे भुणभुण लावलेली. तू वैतागून मला स्वयंपाकघरात बसवलंस. पुढ्यात परात, ओल्या फडक्याखाली झाकलेल्या पाऱ्या. मी डावखुरा, तू उजव्या हाताने दाखवत होतीस, मला काही केल्या जमेना. मग तू उठून माझ्या समोर येऊन बसलीस आणि म्हणालीस, "आरशात बघतोस तसं कर. मी करते ते उलटं नको लावूस, नुसतं माझ्याकडे बघ." तासाभरात जमलं. माझी मुरड तुझ्या उलट्या दिशेला पडायची, पण तेलात एक सुटली नाही. तू एक करंजी उचलून उजेडाकडे धरलीस. मग ताटात ठेवलीस आणि पुढची पारी माझ्याकडे सरकवलीस. त्यानंतर पाच दिवाळ्या आपण दोघांनी केल्या. सारण तू भरतेस, मुरड मी घालतोय, तू मध्येच माहेरच्या गोष्टी सांगतेस, ज्या तू बाबांना कधी सांगितल्या नाहीस.

सहाव्या दिवाळीला बाबांच्या फोर्ट विल्यममधल्या ऑफिसातले एक साहेब मिठाईचा डबा घेऊन आले. स्वयंपाकघराचं दार उघडंच होतं. त्यांनी आत डोकावलं आणि हिंदीत हसत म्हणाले, "वा, बेटी नहीं है तो क्या हुआ." बाबाही हसले. साहेब गेल्यावर हसले नाहीत. दारात उभे राहून म्हणाले, "ऊठ. एवढा घोडा झालास, बायकांत काय बसतोस?" तू माझ्याकडे बघितलं नाहीस. म्हणालीस, "ऊठ रे बाबा, हात धू." मी उठलो. फडक्याखाली अजून वीसेक पाऱ्या होत्या. त्या तू एकटीने केल्यास, आणि मग पुढच्या सगळ्या दिवाळ्याही.

लग्न झाल्यावरची पहिली दिवाळी. ही साताऱ्याहून आलेली, इथली भाषा येत नाही, त्यात तुझा धाक. तिच्या करंज्या तेलात उमलायला लागल्या, खोबरं करपून सगळं तेल काळं झालं, आणि ती रडायच्या बेतात आली. मी पाणी प्यायला आत आलो होतो. तू तिला म्हणालीस, "अगं, रडू नकोस, आपल्याकडे एक जण आहे ना…" आणि माझ्याकडे बघितलंस. मी मान हलवली. नको, म्हणून. तू पुढचं वाक्य कसं फिरवलंस ते मला आजही तुझ्या आवाजात ऐकू येतं. "…म्हणजे होती एक जण. शेजारी राहायची. फार सुरेख मुरड घालायची. गेली ती बदली होऊन." तू कधी खोटं बोलायची नाहीस. माझ्यासाठी बोललीस.

आणि ती शेजारीण आमच्या घरात चौतीस वर्षं राहिली, आई. दर दिवाळीला निघायची. "आई म्हणायच्या ती शेजारीण असती तर," असं म्हणत ही मान मोडेपर्यंत मुरड घालायची. तू गेल्यावर एकटीनेच. अकरा वर्षांनी बाबा गेले. मी चार वर्षांपूर्वी बँकेतून निवृत्त झालो, दिवसभर घरात असतो, पेपर तोच पुन्हा वाचतो. तरी नाही सांगितलं. आधी लाज वाटायची म्हणून, मग इतकी वर्षं सांगितलं नाही म्हणून. एकदा वेळ टळली की ती टळतच जाते, आणि आपण त्याला स्वभाव म्हणायला लागतो.

यंदा त्या दिवसाच्या चार दिवस आधी ही बाथरूममध्ये घसरली. उजवं मनगट मोडलं. प्लास्टर घालून घरी आणलं तर पहिलं काय म्हणाली, "माझे डबे." साठ डबे कबूल केलेले. संध्याकाळी फोन घेऊन बसली, डाव्या हाताने एकेकाला नाही म्हणून कळवायला. दोघांना कळवलं आणि मग फोन मांडीवर ठेवून नुसती बसली. मी म्हणालो, "राहू दे. उद्या आपण करू."

"आपण म्हणजे कोण?" ती म्हणाली. "तुम्हाला चहा उतू न घालता करता येत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने सांगितलं तसं पीठ भिजवलं. सांडलं, तिने डोळे मिटून घेतले. बदाम कापले, तेही वेडेवाकडे. सारणापर्यंत मी खरोखरच अडाणी होतो, त्यात काही नाटक नव्हतं. मग पहिली कड दाबली. ती स्टुलावर बसलेली, मोडलेला हात गळ्यातल्या झोळीत, म्हणाली, "काट्यानेच दाबा. मुरड तुमच्याच्याने व्हायची नाही." मी काटा घेतला नाही. पहिली मुरड फाटली. दुसरी जाड आली. चौथ्या कुकीला बोटांना आपोआप आठवलं, आई, आणि मी खाचेतून न थांबता वळून टोकापर्यंत आलो. आठ-दहा झाल्या असतील. मागून काही आवाज येईना, म्हणून मी वळून बघितलं. ती कुकीकडे बघत नव्हती. माझ्या हातांकडे बघत होती.

"कुणी शिकवलं?"

"आईने. लहानपणी."

"म्हणजे ती शेजारीण…"

"मीच."

ती हसली. खरंच हसली, मला वाटलं सुटलो. मग हसता हसता मध्येच थांबली आणि म्हणाली, "चौतीस वर्षं?" एवढंच. उठून गॅलरीत गेली. मी पिठाचे हात घेऊन उभा. पाचेक मिनिटांनी आत आली आणि म्हणाली, "लोणी सुटतंय. ट्रे आत ठेवा." त्यानंतर दोन दिवस आम्ही काम केलं. ती सांगे, मी करी. "पातळ लाटा." "ओव्हन उघडू नका." "गार झाल्याशिवाय साखर नको." कामाव्यतिरिक्त एक शब्द नाही. माझी पाठ मोडून गेली, दुपारी उभ्या उभ्या डोळे मिटत होते, आणि हे ती वर्षानुवर्षं एकटी करत होती हे कळायला मला माझीच पाठ लागली.

सरस्वती पूजेच्या सकाळी लोक डबे न्यायला आले. खालच्या मजल्यावरची कॉलेजातली मुलगी पिवळी साडी सावरत आली, झाकण उघडून म्हणाली, "की शुंदोर, काकिमा! मोडलेल्या हाताने कसं केलंत?" ही तिच्या साताऱ्याच्या वळणाच्या बंगालीत म्हणाली, "मी नाही केलं. काकांनी केलं. त्यांना आधीपासून येतं." त्या मुलीने माझ्याकडे बघून टाळ्या वाजवल्या. मग जो येईल त्याला ही हेच सांगत होती, अगदी गोड आवाजात. त्यांना आधीपासून येतं. मी सोफ्यावर बसून ऐकत होतो. तिचा राग असाच असतो, तुला माहीत आहे. भांडी आपटत नाही ती.

त्या संध्याकाळी मी तिला बाबांची गोष्ट सांगितली. साहेब, मिठाईचा डबा, घोडा झालास, सगळी. जरा रंगवूनच सांगितली असेन. सोळा-सतरा म्हणालो, खरं तर बावीस वर्षांचा होतो मी. ती ऐकून म्हणाली, "बिचारे." मला वाटलं माझ्याबद्दल म्हणतेय. मग म्हणाली, "बाबांना जाऊन अठरा वर्षं झाली. अजून त्यांनाच पुढे करताय."

ह्या गोष्टीला आता महिना होत आला. प्लास्टर परवा निघालं, मनगट अजून वळत नाही. ती बोलते माझ्याशी, तसं काही नाही. जेवायला वाढते डाव्या हाताने. पण पूर्वी बोलता बोलता मध्येच माझ्या दंडावर थोपटायची, ते बंद झालंय, आणि ते असं बंद झालेलं राहिलं तर उरलेली वर्षं कशी जायची, हे माझ्या डोक्यातून जात नाही. आज जेवणं झाल्यावर मी भांडी घासत होतो. ती दारात आली आणि अगदी साध्या आवाजात, भांडणाचा सूर नाही, म्हणाली, "अहो, एक विचारू? बाबा त्या दिवशी रागावले नसते, तर बसला असतात का तुम्ही माझ्याजवळ?"

मी म्हणालो, "चहा टाकू का?"

ती आत जाऊन पडली. झोपलेली नाही, कूस बदलल्याचं ऐकू येतंय. मी तिथे जायचं सोडून इथे टेबलाशी बसून तुला लिहितोय, कारण तू उलट काही विचारणार नाहीस. हे कागद कुठे पाठवायचे नाहीत आणि तिला दाखवायचेही नाहीत. फाडून टाकीन बहुतेक.

बाबा दारात उभे राहून ओरडले तेव्हा तुला वाटलं असेल, पोराचा अपमान झाला. म्हणून तू नंतर कधी मला हाक मारली नाहीस, आणि हिच्यासमोर ती शेजारीण उभी केलीस. खरं म्हणजे त्या दुपारी खाली माझे मित्र जमले होते. तेलाचा वास डोक्यात गेला होता, पाय आखडले होते, आणि अजून वीस पाऱ्या आहेत हे फडकं उचलून मी दोनदा बघितलं होतं. बाबा ऊठ म्हणाले तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं, आई. हिच्याजवळही बसलो नसतो.