मोहाखालची शांतता

२२ मार्च १९८२
भंडाऱ्याहून बदली होऊन साकोलीजवळच्या अभयारण्यात रुजू. काम : चौकीदारांना पाहुण्यांपुढे विज्ञान बोलायला शिकवणे. पंधरा दिवसांत एकेकाचा प्रोफेसर करतो. संकल्प : रोज पाचला उठणे.

२३ मार्च, सकाळी ९
आत्ता उठलो. प्रवासाचा शीण.
तुलाराम सगळ्यात जुना चौकीदार. मोहाची झाडं आली की आधी कुऱ्हाडीच्या दांड्याने खोडावर तीनदा ठोकतो, मगच पाहुण्यांना पुढे नेतो. म्हणे म्हाताऱ्याला कळवावं लागतं. म्हातारा म्हणजे अस्वल. शुद्ध अडाणीपणा.

२६ मार्च
लेखी आदेश काढला : ठोकणे बंद, जंगलात शांतता पाळावी. तुलारामला पाठ करायला कागद दिला : 'अस्वल निशाचर आहे. दिवसा भीती नाही.' आदेशावर सही करताना तो हळूच म्हणाला, "मोह पडले का तो दिवसाबी येते, सायेब. खाली मान घालून खाते. दचकला का तोंडच धरते."
माझ्या पुस्तकात असं नाही.

३१ मार्च
तुलाराम घडाघडा म्हणतो. बोलताना नजर मात्र झाडांकडे. सुधारू. वाटेवर ताजी विष्ठा, मोहफुलांनी भरलेली. गाईची असावी. तुलारामची बायको रुखमा मोह वेचायला जाईनाशी झाली. अभयारण्यातून काही नेऊ नये, हे प्रबोधन पोचतंय.

४ एप्रिल, सकाळी ६
वरिष्ठ साहेब आणि वीस पाहुणे येणार. पक्षीसुद्धा गप्प आहेत. शिस्त.

५ एप्रिल, साकोलीचा दवाखाना
घटना अपवादात्मक. 'दिवसा भीती नाही' हे मीच सांगत पुढे चालत होतो. अस्वल मोहाखालून उठलं. तुलारामने मला मागे लोटलं आणि स्वतः पुढे झाला. त्याचा डावा डोळा गेला. मला कोपराला खरचटलं.
का ठोकलं नाहीस, असं मी त्याला विचारलं. त्याचं तोंड पट्ट्यांत. रुखमा बोलली.
"तुमीच नाही म्हनलं होतं नं. कागद घरी हाय, आनू का?"
अहवाल उद्या लिहीन.

९ एप्रिल
अहवाल झाला नाही. पेनाची शाई संपली.
जीप दुरुस्तीला, म्हणून फाट्यापासून चौकीपर्यंत पायी आलो. सोबत कोणी नव्हतं. फार भीती वाटली. मोहाचं प्रत्येक झाड आलं की काठीने तीनदा ठोकलं. एके ठिकाणी मोजणी चुकली. तिथे पुन्हा पहिल्यापासून ठोकलं.