बैलाचे पाय

पांढुर्णा, रविवार संध्याकाळ

तान्हा पोळा, पोरांचा लाकडी बैल मिरवायचा सण, तोंडावर आला. नात यंदाही पुण्याहून येत नाही, म्हणून तिच्यासाठी मोबाईलवर लाकडी बैल पळवायचा साधा गेम करून राहिलो. पण पाय काही जमेनात. आठवडाभर रंग बदलले, सावल्या दिल्या, तरी बैल लंगडतेच.

आज बायकोनं स्क्रीन पाहिली. म्हणाली, "लाकडाचा बैल पायानं चालते का कधी? चाकं द्या त्याले."

हे मले कसं सुचलं नाही? घरच्या लाकडी बैलाच्या चाकांना दरवर्षी मीच तर तेल देतो. पाय तसेच ठेवले, खाली चाकं जोडली. बैल मस्त धावला.

आता समोर नुसती दोरी लोंबते. ती ओढणारा नातीचा हात चितारायला घेतला अन् थांबलो. पोरीचा हात आता केवढा झाला असेल, मले माहीत नाही.