बुधवारची शाळा आणि तुमची शीळ

प्रिय अहो,

'प्रिय' वाचून दचकू नका. नुसतं 'अहो' लिहिलं असतं तर तुम्हाला वाटलं असतं, आता हिचं काय आणायचं राहिलं!

आज बुधवार. तुमच्या दुपारच्या शाळेचा वार. शनिवार पेठेतल्या त्या हॉलमधून तुम्ही घरी यायचात आणि चपला काढता काढताच बातम्या सुरू व्हायच्या. आज कोण काय शिकलं, कुणाची कशी फजिती झाली, पुढच्या बुधवारी काय आहे. मी कुकरच्या शिट्ट्यांकडे कान लावून 'हं' म्हणायचे. आता शाळेत मी जाते, आणि घरी आल्यावर सांगायला कुणी नाही. म्हणून हे पत्र. आज 'हं' तुम्ही म्हणा.

काय तो तुमचा नियम! निवृत्त माणसांची शाळा काढलीत ती काढलीत, वर म्हणे जे आयुष्यभर केलं ते इथे शिकवायचं नाही. नव्यानं शिकलेलंच शिकवायचं. आणि ज्याला ते आधीपासून येतं त्यानं वर्गात तोंड उघडायचं नाही. मी तेव्हाच म्हटलं होतं, अशानं नुसत्या चुकाच शिकवल्या जातील. तर तुम्ही म्हणालात, "मग बरंय की! बरोबर असायचं काम नोकरीत झालं करून." असं काहीतरी बोलून मला गप्प करायची तुमची जुनी खोड.

तुम्ही गेल्यावर थोड्या दिवसांनी आपटेबाई आणि जगताप घरी आले. आपटेबाई म्हणजे त्या गणिताच्या शिक्षिका, तुमच्यामागे आता शाळेचं सगळं त्याच बघतात. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं, मग बाई हळूच म्हणाल्या, "येत्या बुधवारी त्यांची पाळी होती हो. पोळ्या शिकवणार होते."

पोळ्या! तुम्ही!

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. शेवटी शेवटी तुम्ही ओट्याशी माझ्या मागे उभे राहायचात, "घडीत तेल कशाला? आधी कडाच का लाटतेस?" असलं काहीबाही विचारायचात. आणि मी म्हणायचे, "लुडबुड करू नका, बाहेर जाऊन पेपर वाचा." अहो, सांगायचं तरी होतंत! हातात लाटणं दिलं असतं. हसले असते पोटभर, पण दिलं असतं.

मग ठरवलं, तुमची पाळी मीच घेणार. पोळपाट-लाटणं आणि कणकेचा डबा पिशवीत घालून रिक्षानं शाळेत गेले. तर आपटेबाईंनी मला दारातच अडवलं! "वहिनी, तुम्हाला पोळ्या येतात. चालणार नाही." असा संताप आला म्हणून सांगू! म्हटलं, "माझ्याच नवऱ्याचा नियम मलाच सांगता?" तर बाई शांतपणे म्हणतात, "त्यांचाच आहे, म्हणून तर पाळतोय."

शेवटी जगताप उठले. लोणी काळभोरचा माणूस, सगळा जन्म उसाच्या मळ्यात गेलेला. म्हणाले, "वहिनी, तुम्ही निवांत बसा. सूनबाईकडनं शिकून आलोय मी. सायबांची पाळी मोकळी जाऊ द्यायची न्हाई, हे ठरलेलं हाय." आणि लाटायला लागले. पोळी हवी तिकडे गेली, गोल तेवढी झाली नाही. माझी काय अवस्था झाली असेल! पदर तोंडात धरून बसले होते. शेजारी रसूलभाई, ते कुलपांच्या दुकानाचे. माझ्याकडे वाकून म्हणाले, "भाभी, समजू शकतो मी. या जगतापांनी उर्दू शिकवलं तेव्हा मी असाच बसलो होतो."

मला जे हसू फुटलं ते आवरेचना. तुम्ही गेल्यानंतर पहिल्यांदा हसले. घरी येऊन तितकीच रडले, तेही सांगून टाकते.

आता पुढचे कार्यक्रम. रसूलभाई विणकाम शिकताहेत. मोजा म्हणून घेतलंय, टोपी होईलसं वाटतं. आपटेबाईंनी पेटी आणलीय. त्यांच्या सोसायटीवाल्यांबद्दल मला सहानुभूती आहे. विश्रांतवाडीची काही मंडळी येऊन बघून गेली, त्यांना तिकडेही शाळा काढायचीय. आणि थंडीत सगळी शाळा जगतापांच्या मळ्यावर जाणार आहे. तिथे ऊस कसा लावायचा ते आपटेबाई सांगणार आणि जगतापांनी गप्प बसायचं. तुम्ही हवे होतात हो!

आणि पुढच्या बुधवारी माझी पाळी आहे. विषय ऐका: शीळ.

हसलात ना? हसा. जिन्याच्या वळणावरून तुम्ही शीळ घालायचात, दोन आखूड आणि एक लांब, वर चढत जाणारी. हातात भाजीच्या पिशव्या, म्हणून बेल वाजवायची नाही. मी दार उघडून करवादायचे, "लोकांच्या घरी बेल असते हो!" तुम्ही मला कधी नावानं हाक मारल्याचं आठवत नाही. हाक म्हणजे ती शीळच.

मुलाचं लग्न, सहली, तुमचं निवृत्तीचं भाषण, सगळं मोबाईलमध्ये आहे. शीळ कुठेच नाही. ती कोण कशाला भरून ठेवील? मुलाला फोनवर विचारलं, तर तो म्हणाला, "आई, वाजवायचे एवढं आठवतंय, चाल नाही आठवत." म्हणजे आता ती माझ्या एकटीच्या कानात उरलीय. मी गेले की तीही गेली. मला ते चालणार नाही.

म्हणून रोज सकाळी गॅलरीत उभी राहून शिकतेय. ओठांचा चंबू करायचा आणि फुंकायचं. कवळी आड येते. नुसती हवा! समोरच्या कुलकर्णीबाईंनी परवा विचारलं, "दम लागतो का हो तुम्हाला?"

पण काल सकाळी वाजली. एकदाच. दोन आखूड आणि एक लांब, अगदी तुमच्यासारखी. आणि अहो, मी गॅलरीतून तश्शी धावत गेले आणि दार उघडलं.

जिना रिकामा होता. मी बराच वेळ दार लावलं नाही.

तर ऐका, वचन देते. बुधवारी वर्गापुढे उभी राहणार, आणि वाजो न वाजो, ती शीळ सगळ्या वर्गाला शिकवणार. ज्यांना शीळ येते त्यांनी गप्प बसायचं, हे आधीच बजावलंय. आणि घरी येताना जिन्याच्या वळणावर थांबून मी ती घालणार. किल्ली माझ्याच पर्समध्ये असेल, तरी घालणार.

करवादायचं असेल तर करवादा.

तुमचीच,
सुमन