राघोदादाचं मागणं

सोमवार, ११ नोव्हेंबर १९७४

राघोदादाला मुंबईच्या इस्पितळातून परत आणलं. घशाचा क्यान्सर. डॉक्टर म्हणाले, आता घरी न्या. बस, एवढंच! मी विचारलं, घरी नेऊन काय करायचं? तोवर ते पुढच्या खाटेकडे गेले होते.

घर म्हणजे नारपोलीची हीच खोली. भिंतीपलीकडे कापडाच्या लूमचा कारखाना. मला मोखाड्याहून इथं आणलं ते दादानं, लूमवर उभं केलं तेही त्यानंच. आज मी त्याला रिक्षातून एकट्यानं उचलून आत आणला. कापडाचे तागे याहून जड असतात!

दादाचा आवाज गेलाय. इस्पितळात कुणाला त्याचं काही कळेना. मला कळतं. लूमच्या खडखडाटात आम्ही कामगार एकमेकांचे ओठ बघूनच बोलतो. म्हणून काशीवहिनी मलाच विचारते — काय म्हणतात रे हे?

मंगळवार, १२

लिहू की नको.

वहिनी नळावर गेली होती. दादानं बोटानं जवळ बोलावलं. ओठ हलले. मी वाचलं. विश्वास बसेना, म्हणून पुन्हा म्हणायला लावलं. त्यानं पुन्हा म्हटलं, सावकाश.

फळीवरचं ढेकणाचं औषध दे.

तेवढ्यात वहिनी हंडा घेऊन आली. काय म्हणतात? मी म्हटलं, चहा मागतोय. तिनं लगेच स्टोव्ह पेटवला. दादानं माझ्याकडे बघितलं नि भिंतीकडे तोंड केलं.

बुधवार, १३

दिवसभर धागे तुटले. बाजूच्या लूमवरचा रामनाथ भय्या ओठांनीच चिडवत होता — क्या नवशा, शादी पक्की हो गयी क्या? रोज मी त्याला शिवी घालतो. आज घातली नाही.

बाटली फेकून द्यावी असं वाटलं. हात वर गेलासुद्धा. मग वाटलं, मी कोण अडवणारा? त्याचं दुखणं मला थोडंच दुखतंय! बाटली तिथंच ठेवली.

गुरुवार, १४

दादा पुन्हा तेच म्हणाला. मी न कळल्यासारखं केलं.

शुक्रवार, १५

आज सुट्टी. लूम बंद. सगळ्या गल्लीत सामसूम.

आणि मी दादाचं कण्हणं ऐकलं! बारीक, सारखं, कुणी दातात कापड धरून रडावं तसं. आवाज गेला, आवाज गेला म्हणत होतो — होता की! इतके दिवस लूम त्याच्यावर वाजत होते. मी त्याच्या उशाशी बसून जेवलोय, बिडी ओढलीय, नि हे चालू होतं!

बसवेना. उठून धामणकर नाक्यापर्यंत चालत गेलो. तिथं उभा राहून ठरवलं — परत जायचं नि तो मागतोय ते द्यायचं. खरं ते लिहितो.

परत येताना दवाखान्याच्या ओट्यावर शुभदाबाई दिसल्या. तिथल्या नर्स. कधी बोललो नव्हतो. कसा कोण जाणे, थांबलो. म्हटलं, बाई, दुखणं थांबवायचं काही असतं का? माणूस वाचणार नाही. नुसतं दुखणं? त्यांनी चपला घातल्या नि माझ्याबरोबर चालत निघाल्या.

खोलीत आल्या. दादाशी बोलल्या, नाव घेऊन. त्याचं तोंड ओल्या फडक्यानं पुसलं, कुशीवर वळवलं, पडून पडून झालेली पाठीची जखम धुतली. मग विचारलं, इस्पितळातल्या गोळ्या कशा देता? वहिनी म्हणाली, "लई दुखलं की देतो. न्हायतर राखून ठेवतो. सवय लागली तर?"

बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "दुखायची वाट बघू नका. दुखणं उठायच्या आधी गोळी पोटात हवी. आता कसली सवय, काशीबाई?"

मी गारच झालो. लूमवर आडवं सूत नेणाऱ्या धोट्यातली कांडी आम्ही सूत संपायच्या आत बदलतो. संपू दिली तर कापडात खोट राहते. हे मला दादानंच शिकवलं, कानाखाली देऊन! आणि त्यालाच आम्ही रोज संपू देत होतो.

शनिवार, १६

बाईंनी डॉक्टरांना सांगून जास्त जोराची गोळी आणली. कुटून पाण्यातून देतो.

रविवार, १७

दादा झोपला! तोंड उघडं टाकून झोपला. वहिनी घाबरून सारखी छातीवर हात ठेवून बघत होती.

मंगळवार, १९

दादानं बोलावलं. ओठ हलले. मी फळीकडे बघितलं. म्हणाला, माझ्या लूमवर कोण आहे? रामनाथ, म्हटलं. दादा म्हणाला, "बोंबला!" नि हसला. मी वहिनीला सांगितलं, तीही हसली. हसता हसता तिनं पदर तोंडाला लावला नि बाहेर गेली. बराच वेळ आली नाही.

गुरुवार, २१

दादा झोपल्यावर वहिनीनं मला मोरीपाशी बोलावलं. हळूच म्हणाली, "त्यांनी माज्याजवळ पण मागितलं व्हतं. फळीकडं बोट करून. मला सोसलं न्हाय रे. शुक्रवारी मी ते औषध वाटीत काढलं, त्यांचं डोकं मांडीवर घेतलं, नि तू बाईंना घेऊन दारात आलास."